रिकामे आसन : तुकडोजी महाराजांचे जीवन

पांढुर्णा आणि सौंसर ही नावे आपल्या वाचकांपैकी थोड्यांनीच ऐकली असतील. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसले की महाराष्ट्राची हद्द ओलांडल्यावर पांढुर्णा लागते. आणि छिंदवाड्याच्या रस्त्याने सावनेर मागे टाकले की सौंसर येते. दोन्ही गावे मध्य प्रदेशात. १९५६ पर्यंत हा मुलूख आणि नागपूर एकाच प्रांतात होते. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही अलीकडे राहिलो. पुढे २०२३ साली दोन्ही तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोपर्यंत आम्ही छिंदवाडा जिल्ह्यातले. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी. ज्या नियतकालिकात मराठी आणि कानडी हे दोन विभाग पाठीला पाठ लावून छापले जातात, त्याच्या वाचकांना ही स्थिती अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

वर्तमानपत्रांना आमची आठवण वर्षातून एकदा होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात, ती गोटमार. माणसे जखमी होतात, कधी दगावतातही, आणि तरी हा खेळ देवीच्या नावाने चालूच आहे. श्रद्धेच्या या प्रकाराविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. त्याच मातीत मी लहानपणी श्रद्धेचा दुसरा एक प्रकार पाहिला, आणि त्याच्याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

सौंसरजवळच्या आमच्या खेड्यात मारुतीच्या देवळासमोर पटांगण होते. दिवेलागणीला तेथे सतरंज्या पडत. पुढे एक लहानसे आसन मांडलेले असे : गादी, तक्क्या, वर धुतलेली पांढरी चादर. त्या आसनावर काहीच नसे. मूर्ती नाही, तसबीर नाही, पोथीसुद्धा नाही. मारुती तर पाठीमागे दहा पावलांवर होता, पण मंडळी त्याच्याकडे तोंड करून बसत नसत. या रिकाम्या गादीकडे तोंड करून बसत. सरळ ओळी, ताठ पाठी, पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. प्रार्थना हिंदीत. नारळ फुटत नसे, नैवेद्य नसे, दक्षिणा नसे, म्हणून भटजीही नसे. अर्ध्याएक तासात सगळे आटोपे आणि माणसे जेवायला घरी जात. गादीवर कोण बसते, असे मी एकदा आजोबांना विचारले होते. त्यांनी मला चादरीचे दुसरे टोक धरायला लावले आणि घडी घालता घालता एवढेच सांगितले की कोणी बसू नये म्हणूनच ती मांडायची असते. तेव्हा ते मला कोडेच वाटले. ज्याने ही गादी मांडायला शिकवली त्या माणसाचे आयुष्य पुढे वाचले, तेव्हा थोडा उलगडा झाला.

तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या खेड्यात झाला. नाव माणिक, वडील बंडोजी इंगळे, आई मंजुळा. घरी अठराविश्वे दारिद्र्य. शाळा तीन-चार इयत्तांपलीकडे गेली नाही. मुलाचे मन पाटीपेक्षा भजनात. त्यातून आजोळी वरखेडला आडकोजी महाराज नावाचे अवलिया होते, त्यांच्या पायाशी हा पोर जाऊन बसू लागला. माणिकचा तुकड्या तेथे झाला. भाकरीच्या तुकड्यावर जगणारा तो तुकड्या, असा अर्थ लोक सांगतात. आणि भजनाच्या शेवटी स्वतःचे नाव गुंफताना त्यांनी जन्मभर हेच नाव वापरले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद त्यांना राष्ट्रसंत म्हणू लागले, तरी भजनातला तुकड्या तुकड्याच राहिला.

१९२१ साली आडकोजी महाराज गेले. मुलगा बारा वर्षांचा. त्यानंतरची काही वर्षे रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा अशा रानावनांत गेली. तेथे त्यांनी नेमके काय केले याविषयी भक्तमंडळी फार काही सांगतात. वाघ, साप आणि योगी यांची त्यात रेलचेल असते. ते मी सोडून देतो. महाराजांनीच पुढे चमत्कारांच्या मागे लागण्याविरुद्ध इतके लिहिले आहे, की त्यांच्या चरित्रात चमत्कार घालणे हा त्यांचाच उपमर्द होय. एवढे खरे, की विशीत पोचलेला हा तरुण रानातून बाहेर आला तो हातात खंजिरी घेऊन. लहानसे वाद्य, एका हातात मावणारे; पण त्यावर त्यांची बोटे पडू लागली की खेडीच्या खेडी रात्रभर जागत. भजने ते स्वतः रचीत, मराठीत आणि हिंदीतही. त्यामुळे आमच्या भागाला ते दोन्ही कानांनी ऐकू आले. नर्मदेकडचा हिंदी माणूस आणि वर्धेकाठचा मराठी माणूस एकाच सतरंजीवर बसला, तो या खंजिरीमुळे.

सालबर्डी हे ठिकाण आमच्याकडून फार लांब नाही. मोर्शीच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, अर्धे गाव महाराष्ट्रात आणि अर्धे मध्य प्रदेशात. महाशिवरात्रीला तेथे गुहेतल्या महादेवाची मोठी यात्रा भरते. १९३५ साली याच सालबर्डीला महाराजांनी मोठा यज्ञ केला आणि त्याला लाखांनी माणूस लोटले. सव्वीस वर्षांचा तरुण, लाखांची गर्दी, साधूचा वेष, गळ्यात गोड आवाज. येथून एका गादीपर्यंतचा रस्ता अगदी सरळ होता. आपल्या देशात अशा वयात आणि अशा गर्दीपुढे कितीतरी बुवा गादीवर चढले आणि कायमचे तेथेच बसले. तुकडोजी त्या रस्त्याने गेले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी नागपूर-अमरावती मार्गावर मोझरीजवळच्या माळावर गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली, आणि यज्ञकुंडाच्या जागी हळूहळू खराटा आला.

हे एका दिवसात घडले नाही. १९३६ मध्ये वर्ध्याजवळ, ज्याला पुढे सेवाग्राम म्हणू लागले त्या शेगावी, गांधीजींच्या सहवासात ते सुमारे महिनाभर राहिले. गांधीजींकडे रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होत असे आणि तीत अनेक धर्मांच्या वचनांना जागा असे. दोघांमध्ये कोणी कोणाला काय दिले याचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. परंतु मला असे वाटते, की गर्दीला शिस्त लावता येते, आणि प्रार्थना हे त्या शिस्तीचे साधन होऊ शकते, ही जाणीव तुकडोजींना याच सुमारास झाली असावी. भजनात माणूस देहभान विसरून डोलतो. प्रार्थनेत तो शेजाऱ्याच्या ओळीत बसतो. त्यांनी भजन सोडले नाही, पण रोजचा नेम म्हणून प्रार्थना दिली. पहाटे ध्यान, मग रामधून म्हणत गावातून फेरी आणि त्याआधी गल्लीची झाडलोट, आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना. गावाचा दिवस या दोन टोकांना बांधायचा, बाकी दिवसभर ज्याने त्याने आपले वखर-नांगर सांभाळायचे.

१९४२ ने या माणसाचे आणखी एक रूप दाखवले. त्या ऑगस्टमध्ये चिमूर, आष्टी, यावली, बेनोडा येथे जो भडका उडाला, त्यामागे महाराजांच्या भजनांनी पेटलेली मने होती, हे सरकारलाही कळले. १६ ऑगस्टला आष्टीत आणि चिमूरमध्ये रक्त सांडले. २८ ऑगस्टला चंद्रपूर येथे महाराजांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत सुमारे तीन महिने काढून ते डिसेंबरात सुटले. प्रार्थना शिकवणाऱ्या माणसाच्या श्रोत्यांनी हिंसेचा मार्ग धरावा, ही गोष्ट चरित्रकार झपाट्याने ओलांडून जातात. मला ती तशी ओलांडता येत नाही. जमावाला पेटवणारी आणि जमावाला बसवणारी शक्ती एकच असते, हे त्या माणसाने आपल्या डोळ्यांदेखत पाहिले होते. सुटल्यावर पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, त्यांनी अखिल भारतीय श्रीगुरुदेव सेवा मंडळाची बांधणी केली, मासिक काढले आणि गावोगाव प्रार्थनेची केंद्रे उभी करायला घेतली. या दोन गोष्टींचा संबंध असावा असे मी मानतो.

आता त्या आसनाकडे येऊ. या प्रार्थनेपुढे काय ठेवायचे हा प्रश्न साधा नव्हता. राम ठेवला तर शैव म्हणणार आमचा कुठे आहे; विठ्ठल ठेवला तर सातपुड्यातल्या गोंडाला तो परका; मूर्ती कोणतीही ठेवली तरी मुसलमान आणि ख्रिस्ती शेजारी ओळीत बसणार नाही. सगळ्यांच्या तसबिरी ओळीने मांडण्याची युक्ती आपल्याकडे लोकप्रिय आहे. शाळा-कॉलेजांच्या समारंभांत आपण तेच करतो, आणि मग कोणाची तसबीर मध्ये व कोणाची कडेला यावरून कुरबुर होते. महाराजांनी सगळ्याच उचलल्या. गादी मांडली आणि ती रिकामी ठेवली. तिला अधिष्ठान म्हणायचे. गुरुदेव हा शब्द त्यांनी वापरला, पण तो कोणा देहधारी गुरूचा नव्हे. विश्वाला चालवणारी जी शक्ती तिचे ते नाव. ज्याला जे रूप प्रिय असेल त्याने ते मनातल्या मनात त्या गादीवर पाहावे, ज्याला रूपच नको असेल त्याने नुसती पांढरी चादर पाहावी. शेजाऱ्याने काय पाहिले हे विचारायचे नाही.

या जागी कानडी विभागातल्या मित्रांना शिशुनाळ शरीफांची आठवण होईल. १८१९ ते १८८९ हा त्यांचा काळ. जन्माने मुसलमान, गुरू गोविंदभट्ट ब्राह्मण, आणि पदे अशी की आजही दोन्ही समाज आपली म्हणून गातात. शरीफांची वाट आतली होती. देह, श्वास, मन यांच्या रूपकांतून जाणारी. तुकडोजींची वाट गावातल्या गटारावरून जाते. १९५५ साली प्रसिद्ध झालेली त्यांची ग्रामगीता पाहावी. एकेचाळीस अध्याय, साडेचार हजारांहून अधिक ओव्या. पहिलाच अध्याय देवदर्शनाचा. परंतु त्यात देव दाखवायला ते देवळात नेत नाहीत, भोवतालच्या विश्वाकडेच बोट दाखवतात, आणि पुढे ग्रंथ सफाई, आरोग्य, शिक्षण, लग्नातला खर्च, दारू, शिवाशिव यांच्याकडे वळतो. ग्रंथ अर्पण केला आहे तो ग्रामदेवतेला, म्हणजे गावातल्या माणसांनाच. साहित्य म्हणून पाहिले तर काही अध्याय सपाट आहेत, हे मराठीचा जुना विद्यार्थी म्हणून मला कबूल केले पाहिजे. पण आमच्या खेड्यात ज्या बाईला अक्षर येत नव्हते तिला त्यातल्या ओव्या पाठ होत्या, आणि शौचाचा खड्डा कोठे खणावा हे तिला त्या ओव्यांमुळे ठाऊक होते. सपाट असण्याचा हा एक फायदा.

त्याच १९५५ साली जपानमध्ये भरलेल्या विश्वधर्म परिषदेला ते गेले. इंग्रजी येत नव्हते. खंजिरी सोबत होती. त्याच काळात विनोबांच्या भूदानासाठी गावोगाव फिरले, १९५६ मध्ये भारत साधु समाजाचे अध्यक्ष झाले, १९६२ आणि १९६५ च्या युद्धांत सीमेवर जवानांसमोर भजने म्हटली. या धावपळीची यादी मोठी आहे आणि ती कोठेही वाचायला मिळते.

एक नोंद मात्र सहसा एका गटाच्या चरित्रात ठळक असते आणि दुसऱ्या गटाच्या चरित्रात गाळलेली असते. १९६४ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पवईच्या सांदीपनी आश्रमात विश्व हिंदु परिषदेची स्थापना झाली, तेव्हा महाराज तेथे उपस्थित होते. सर्व धर्मांची प्रार्थना शिकवणारा माणूस एका धर्माच्या परिषदेत कसा, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि तो विचारलाच पाहिजे. त्याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. ज्यांना महाराज केवळ हिंदू संत म्हणून हवे आहेत त्यांना १९६४ पुरते. ज्यांना ते कोणत्याच धर्माचे नसलेले हवे आहेत ते १९६४ विसरतात. मला दिसते ते असे. महाराजांनी आपले जन्माचे घर कधी सोडले नाही. भगवे वस्त्र, राम, गीता, सेवकांच्या डोक्यावरची भगवी टोपी हे सारे त्या घरातले. नवा धर्म त्यांनी काढला नाही आणि जुना टाकला नाही. मात्र घराचा दरवाजा त्यांनी असा सताड उघडला की आत कोण आणि बाहेर कोण हे प्रार्थनेच्या अर्ध्या तासापुरते तरी सांगता येऊ नये. दरवाजा कितीही उघडा असला तरी घर कोणाचे ते येणाऱ्याला दिसतच असते, हा आक्षेप खरा आहे. तो त्यांच्या हयातीत कोणी केला की नाही, यापेक्षा आमच्या गावात काय झाले ते मी सांगू शकतो.

आमच्याकडे एक पिंजारी होता. हिवाळ्यात गाद्या-रजया भरून द्यायचा. प्रार्थनेची ती गादीही त्यानेच भरलेली. संध्याकाळची नमाज आणि आमची प्रार्थना यांची वेळ जवळजवळ एकच, म्हणून तो नमाज उरकून उशिरा येई आणि शेवटच्या ओळीत टोकाला बसे. भगवी टोपी त्याने कधी घातली नाही, कोणी घाल म्हटलेही नाही. हिंदी प्रार्थना त्याला पाठ होती. काही ओळींना तो गप्प राही, काही ओळी मोठ्याने म्हणे. कोणत्या, हे आजोबांच्या लक्षात होते, पण त्यांनी ते कोणाला सांगितले नाही.

महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी गुरुकुंजात कर्करोगाने गेले. वय एकोणसाठ. आपल्यामागे गादीवर कोणी वारस त्यांनी बसवला नाही. कारभार मंडळाकडे राहिला. दर वर्षी आश्विन वद्यात पुण्यतिथीला मोझरीला माणसांचा समुद्र जमतो, आणि ठीक त्या मिनिटाला लाखभर लोक जागच्या जागी उभे राहून मौन पाळतात. गाड्या थांबतात. मग वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थना एकामागून एक म्हटल्या जातात. आजोबा मला एकदा तेथे घेऊन गेले होते. एवढ्या माणसांत एवढी शांतता मी पुन्हा कोठे अनुभवली नाही, ना देवळात ना परीक्षेच्या सभागृहात. २००५ साली नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. चौथीच्या पुढे न गेलेल्या माणसाचे नाव आता हजारो पदव्यांवर असते.

आमच्या गावात मात्र ते गेल्यावर काही वर्षांनी गादीवर एक तसबीर आली. महाराजांचीच. प्रेमाने ठेवलेली, हार, उदबत्ती, मग पुढे एक लहान निरांजन. गावातल्या तरुण सेवकांना ज्या माणसाने हे सारे दिले त्याचे तोंड पाहून प्रार्थना करावीशी वाटली, यात त्यांचा काय दोष? आजोबांनी विरोध केला. रिकामी गादी ही महाराजांचीच आज्ञा, असे त्यांचे म्हणणे. तर महाराज म्हणजेच गुरुदेव, असे दुसऱ्या बाजूचे. चार-सहा महिने कुरबुर चालली. पिंजारी त्या वादात पडला नाही. तो येतच होता, पण शेवटच्या ओळीत न बसता पटांगणाच्या कडेच्या ओट्यावर बसू लागला, आणि पुढच्या हिवाळ्यात येईनासा झाला. गादी तेव्हाही त्याच्याकडूनच भरून आणली होती.

निवृत्तीनंतर मागच्या दिवाळीत मी गावी गेलो. पटांगणात आता फरशी आहे, ध्वनिक्षेपक आहे. प्रार्थनेला पंचवीस-तीस माणसे होती, पुढच्या ओळीत शाळेतली मुले. गादीवर तसबीर होती. प्रार्थना संपली, सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाली, तेव्हा दहा-बारा वर्षांच्या एका मुलाने ती तसबीर उचलली आणि नेऊन भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. रोज असेच करतोस का, म्हणून मी विचारले. रात्री दव पडते आणि तसबीर खराब होते, म्हणून, असे त्याने सांगितले. मग तो चादरीची घडी घालायला वळला. एकट्याला ती आवरेना, म्हणून दुसरे टोक मी धरले.